निळे दाणे

ग्लासगोत, गव्हनच्या त्या कोपऱ्यावर
पूर्वी सार्वजनिक धुणीघर होतं.
अजून खणताना लागतात
पांढऱ्या फरशीचे तुकडे, एखादं शिंपल्याचं बटण.
सेंगा ती बटणं बरणीत जमवते.
"आमच्या आईनं हरवलेली," म्हणते,
बरणी गच्च भरली तरी हिशेब तोच.

गुरुवारी आम्ही सहाजण, पाऊस असला तर चार.
जुन्या मातीत शिसं निघालं, म्हणून वर लाकडी चौकटी,
चौकटींत बाहेरून आणलेली माती,
त्या मातीत पन्नास स्वयंपाकघरांतली सालं,
चहाचा चोथा, कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडचे केस.
फळ्यावर डुगल्डच्या जहाजी अक्षरात
एकच नियम: इथे विष नाही.

मी आले ती डॉक्टरनं चिठ्ठी दिली म्हणून.
औषधाच्या जागी लिहिलं होतं: बाग, आठवड्यातून एकदा.
बस डेपोतली बावीस वर्षांची नोकरी गेली होती
आणि घरात एक घड्याळ तेवढं कामावर होतं.
मला दारापासून तिसरा वाफा मिळाला.
मी सॅलडची पानं पेरली.
एप्रिलअखेर हिरवे कान वर आले.
रोज जाऊन मोजले. एकशे बारा.

मग एका ओल्या रात्रीत सगळे गेले.
सकाळी वाफ्यावर नुसती चांदीची रेघ,
कुणीतरी सही करून गेल्यासारखी.

दुकानात तीन पौंडांना डबा मिळतो.
निळे दाणे, वाढदिवसाच्या केकवर असतात तसे.
मी ते तिन्हीसांजेला पेरले
(हो, पेरले हाच शब्द)
दुसऱ्यांदा लावलेल्या रोपांच्या बुडाशी.

फाटकाजवळ एक चपटा दगड आहे.
त्यावर ठिपकेदार छातीचा कस्तुर
गोगलगायी आपटून फोडायचा,
टक्, टक्, टक्, मग थांबणं, मग टक्.
आम्ही त्याला घरचा लोहार म्हणायचो.
मेच्या दुसऱ्या आठवड्यात दगड गप्प झाला.
ते आधी तेस्फालेमच्या ध्यानात आलं.
तो एरिट्रियातून आलेला,
शांततेचे प्रकार त्याला कळतात.
त्यानं गुडघे टेकले, पानं उचलली
आणि तळहातावर चार निळे दाणे घेऊन
सगळ्यांसमोर उभा राहिला.

तो काहीच बोलला नाही. सेंगा बोलली. सेंगा खूप बोलली.
मी गोगलगाय होऊन ऐकत होते,
पाय पोटात.

तेव्हा डुगल्ड, चौऱ्याऐंशी वर्षांचा,
बोटींचं पोलाद जोडून जोडून
डोळे पाणचट झालेला,
टोपी काढून म्हणाला,
"मीच असेन. हल्ली मला फारसं आठवत नाही."
सगळे त्याच्याकडे बघत राहिले. मी बुटांकडे.
त्यानं वरची माती खरवडून पिशवीत बांधली
आणि स्वतःच लिहिलेल्या नियमाखाली
मान घालून बसला.

त्या रात्री साडेअकराला मी टॉर्च घेऊन गेले.
फाटक उघडंच.
वाफ्याशी बादली, बादलीशी तो,
दोन बोटांत एकेक ओला जीव उचलत.
मी म्हटलं, "डुगल्ड, ते दाणे..."
"टॉर्च जरा खाली धर," तो म्हणाला,
"उजेड डोळ्यांवर येतोय."

दोनशे सहा निघाल्या. मी मोजल्या, सवय आहे.
मागच्या कंपोस्टच्या ढिगाशी सोडल्या;
तिथे कुजकं पोटभर आहे,
आणि ते खाणारं कुणी हवंच असतं.
गुरुवारी मी सांगून टाकलं.
सेंगा तीन आठवडे बोलली नाही,
मग माझ्या हातात एक बटण ठेवलं, मातीसकट.

ऑगस्ट लागला. दगड अजून गप्प.
मी सकाळी तो ओल्या फडक्यानं पुसते
आणि वर एक गोगलगाय ठेवते,
शंखाची, ठसठशीत.
संध्याकाळपर्यंत ती चालत निघून जाते,
दरवेळी वेगळ्या वाफ्याकडे.
परवा माझ्याच.